अडीच वर्षांचा प्रेक्षक

दीड वर्षाची असताना माझ्या नातीला, ईराला, टीव्हीवर फक्त गाणी हवी असत. चाकं गरागरा फिरणारी बस, ओळीनं पाण्यात शिरणारी बदकं, मोठ्या डोळ्यांची बाळं. दोन वर्षांची झाली आणि गाण्यांची जागा 'पेपा पिग'नं घेतली. त्यातही चिखलात उड्या मारायचा तोच तो भाग. पुढे 'मायटी लिटल भीम' आला, लाडवांच्या मागे रांगणारा, कुठल्याच भाषेत न बोलणारा. तिसरा वाढदिवस झाला आणि पेपाही नको, भीमही नको. आता 'ब्लूई' नावाची कुत्र्याची पोर, तिची धाकटी बहीण आणि त्यांच्याशी खेळणारे आईबाबा हवेत. परवा कुणीतरी जुनी बदकांची गाणी लावली, तर म्हणाली, "हे बाळांचं आहे." आणि उठून गेली.

घरातले म्हणतात, पोर लहरी आहे. मला तसं वाटत नाही. मी आयुष्यभर बालवाडी चालवली. ज्या मुलाला जूनमध्ये मणी ओवायला आवडतं, तेच मूल दिवाळीनंतर मण्यांकडे ढुंकून बघत नाही, कारण मण्यांकडून घ्यायचं ते त्यानं घेतलेलं असतं. टीव्हीचंही तसंच आहे. लहान मुलांच्या आवडी एका क्रमानं बदलतात आणि त्या क्रमामागे वाढ असते. हे ओळखायला मोठ्या माणसांना बरीच वर्षं लागली. ज्यांनी ओळखलं, त्यांनी पडद्याकडे पाठ करून मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लहानग्यांच्या टीव्हीचा इतिहास मला तरी अशा बघणाऱ्या माणसांचा इतिहास वाटतो.

तो सुरू होतो लंडनला. बीबीसीनं 1950 च्या जानेवारीत शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी रेडिओवर एक छोटा कार्यक्रम सुरू केला, आईजवळ बसून ऐकायचा. त्याच वर्षी जुलैमध्ये टीव्हीवर 'अँडी पँडी' आला. पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख घातलेली, दोऱ्यांवर नाचणारी बाहुली. तिच्या दोऱ्या पडद्यावर स्पष्ट दिसायच्या आणि मुलांचं त्यामुळे काही अडत नसे. अँडी, त्याचा टेडी आणि लूबी लू नावाची चिंध्यांची बाहुली एका टोपलीत राहायची. लूबी लू मात्र बाकीचे दोघं नसतानाच जिवंत व्हायची. मोठ्यांच्या दृष्टीनं त्यात काही घडत नसे. झोका, चहाची भांडी, एक गाणं, संपलं. फ्रीडा लिंगस्ट्रॉम आणि मारिया बर्ड या दोघींनी तो रचला होता. मुलांनी नुसतं बघत बसू नये, अँडीबरोबर टाळ्या वाजवाव्या, उड्या माराव्या, अशी त्यांची मांडणी होती.

त्यांनी फक्त 26 भाग चित्रित केले आणि बीबीसी ते जवळजवळ वीस वर्षं दाखवत राहिली. काटकसर त्यात होतीच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी. तीन वर्षांचं मूल वर्षभरात या कार्यक्रमातून बाहेर पडतं आणि त्याच्या जागी शेजारचं दोन वर्षांचं मूल येऊन बसतं. इथे कार्यक्रम तोच राहतो आणि प्रेक्षक बदलत जातो. मोठ्यांच्या मालिकेला जी गोष्ट मारक, ती इथे पूरक ठरते. बालवाडीत मी तीच बडबडगीतं दरवर्षी म्हणत आले. मला ती जुनी झाली असतील, समोर बसलेल्यांना प्रत्येक जूनमध्ये ती नवीच होती.

त्या काळचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्ये रोज संध्याकाळी सहा ते सात टीव्ही चक्क बंद असे. आईबापांना मुलं झोपवता यावीत म्हणून. 1955 मध्ये जाहिरातींवर चालणारी वाहिनी सुरू झाली, तिला हा तास म्हणजे बुडालेला धंदा वाटू लागला आणि फेब्रुवारी 1957 मध्ये तो नियम गेला. मुलांसाठी काय दाखवायचं याचा विचार पुढे पुष्कळ झाला. टीव्ही कधी बंद करायचा, हा विचार मात्र तेव्हापासून घराघरांवर सोडला गेला.

दुसरी मोठी घटना न्यूयॉर्कची. 1966 च्या फेब्रुवारीत जोन गँझ कूनी या टीव्ही निर्मातीच्या घरी जेवायला काही मंडळी जमली होती. त्यांत लॉइड मॉरिसेट हे मानसशास्त्रज्ञ होते, कार्नेगी कॉर्पोरेशनचे अधिकारी. त्यांची तीन वर्षांची मुलगी पहाटे उठून टीव्ही लावायची आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी पडद्यावर जी स्थिर आकृती असते, तिच्याकडे बघत बसायची. तिला जाहिरातींची गाणी तोंडपाठ होती. मॉरिसेटनी कूनींना विचारलं, टीव्हीवरून लहान मुलांना काही शिकवता येईल का? त्या प्रश्नातून 10 नोव्हेंबर 1969 ला 'सेसमी स्ट्रीट' उभी राहिली. मुलं जाहिराती पाठ करतात ना, मग अक्षरांच्या आणि आकड्यांच्याच जाहिराती करू, हे तिचं पहिलं सूत्र.

जाहिरातींची ही ओढ आमच्या घरातही होती. ऐंशीच्या दशकात माझा मुलगा, म्हणजे ईराचा बाबा, पुण्याच्या वाड्यात सगळ्यांबरोबर शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसायचा. चित्रपट चालू असला की तो चटईवर गाडी फिरवत असे. लिज्जत पापडाचा ससा आला, की गाडी सोडून पडद्यासमोर उभा. बाहुलीकार रामदास पाध्यांचा तो ससा खदखदा हसायचा आणि माझा मुलगा त्याच्याबरोबर. जाहिरात छोटी, गाणं ठेक्याचं, चेहरा मोठा, आणि ती रोज जशीच्या तशी परत येणार. दोन वर्षांच्या मुलाला जे लागतं, ते सगळं त्या ससुल्यात होतं. पापड विकणाऱ्यांच्या मनात हा प्रेक्षक असेल असं वाटत नाही, पण तो सापडला होता खरा.

'सेसमी स्ट्रीट'वाल्यांनी हे नुसत्या अंदाजावर ठेवलं नाही, आणि इथून माझ्या मते या इतिहासाला खरी दिशा मिळते. एडवर्ड पामर नावाच्या संशोधकाकडे त्यांनी मुलांचं लक्ष मोजण्याचं काम दिलं. पामरनी एक साधी व्यवस्था केली. एका खोलीत टीव्ही, त्यावर कार्यक्रम. शेजारी, थोडा कोनात, दुसरा पडदा. त्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवं चित्र पडायचं, इंद्रधनुष्य किंवा पाण्यावरचे तरंग असं काहीही. मूल मध्ये बसलेलं. ते टीव्हीकडे बघतंय की चित्राकडे, याची नोंद घेणारा माणूस दर साडेसात सेकंदांनी खूण करायचा. कार्यक्रम संपला की आलेख तयार: इथे मूल खिळलं होतं, इथे त्याची नजर ढळली. ज्या प्रसंगात नजर ढळते, तो प्रसंग पुन्हा लिहायचा. मुलानं तोंडानं काही सांगायची गरज नव्हती, आणि त्या वयात ते सांगूही शकत नाही.

या पद्धतीनं एकदा मोठमोठ्या तज्ज्ञांचं म्हणणंही बाजूला ठेवायला लावलं. लहान मुलांचा गोंधळ होईल, म्हणून खरी माणसं आणि बाहुल्या एका प्रसंगात एकत्र आणू नका, असा मानसशास्त्रज्ञांचा सल्ला होता. 1969 च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियात मुलांना नमुन्याचे भाग दाखवले. बाहुल्या असल्या की मुलं बघत. रस्त्यावरची माणसं बोलू लागली की नजर ढळायची. मग बाहुलीकार जिम हेन्सन यांच्याकडून रस्त्यावर वावरतील असे 'बिग बर्ड' आणि कचऱ्याच्या डब्यातला 'ऑस्कर' करून घेतले गेले. आज जगभर ज्या पक्ष्यामुळे तो कार्यक्रम ओळखला जातो, तो त्या मुलांच्या नजरेनं घडवलेला आहे.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट हाती लागली. जेम्स अर्ल जोन्स या धीरगंभीर आवाजाच्या नटाला घेऊन एक तुकडा केला होता. तो एकेक इंग्रजी मुळाक्षर म्हणतो, मध्ये लांब थांबतो. अक्षर पडद्यावर आधी दिसतं, त्याचा उच्चार नंतर येतो. पहिल्यांदा पाहताना मुलं त्याच्या पाठोपाठ म्हणाली. आणखी काही वेळा पाहिल्यावर अक्षर दिसताच, त्याच्या आधी म्हणू लागली. पुढे तर अक्षर दिसायच्याही आधी. तेच ते पुन्हा बघण्यात मूल किती पुढे सरकत असतं, ते इथे उघड्यावर दिसलं. ईरा पेपाचा चिखलाचा भाग मागायची, तेव्हा मी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघायची. सुरुवातीला पेपानं उडी मारली की ही हसायची. नंतर उडीच्या जरा आधी गुडघे वाकवायची. शेवटी शेवटी पेपा चिखलापाशी पोचायच्या आत ही आजोबांचे बूट घालून तयार. मग एक दिवस तो भाग नको झाला. पुढे काय होणार हे सगळं कळल्यावर त्यात तिच्यासाठी काही उरलंच नव्हतं.

हे असं का होतं, याचा शोध मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डॅनियल अँडरसन यांनी घेतला. टीव्हीचे हलते रंग मुलाला खिळवून ठेवतात आणि मूल मुकाट बघत राहतं, असा समज तेव्हा सर्रास होता. अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेसमी स्ट्रीट'चे तुकडे घेतले आणि काहींमधली दृश्यं उलटसुलट जोडली, काहींचे संवाद उलटे केले, काहींना ग्रीक भाषेचा आवाज दिला. रंग तेच, हालचाल तीच, पण अर्थ गेला. मुलांची नजरही गेली. मूल कळतंय म्हणून बघतं आणि कळेनासं झालं की मान वळवतं. दुसऱ्या एका प्रयोगात पाच वर्षांच्या मुलांचे दोन गट केले, एका गटाच्या खोलीत खेळणी ठेवली. खेळणी नसलेल्या मुलांनी 87 टक्के वेळ टीव्ही पाहिला, खेळणी असलेल्यांनी 47 टक्के. नंतर विचारलं, तर दोन्ही गटांना गोष्ट सारखीच कळलेली होती. खेळता खेळता कान टवकारून, नेमक्या जागी मान वर करून त्यांनी हवं तेवढं घेतलं होतं.

अँडरसन यांचं 1976 चं एक निरीक्षण आम्हा बालवाडीवाल्यांना फार जवळचं वाटावं असं आहे. वर्षापासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यांनी 'सेसमी स्ट्रीट' दाखवली. धाकटी मुलं टीव्हीसमोर असूनही बहुतेक वेळ आपापलं खेळत होती. लक्ष देण्यात मोठी वाढ दिसली ती अडीच वर्षांच्या सुमाराला. बालवाडीत मूल अडीच वर्षांचं झालं की घ्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. त्याआधी ते आईचा पदर सोडत नाही, त्यानंतर ते गोष्टीचा धागा पकडू लागतं, हे आम्हाला सतरंजीवर बसून कळलं होतं. ईरानं गाणी सोडून गोष्ट मागितली ती याच वयाकडे येताना. दोन गोष्टींमधला संबंध तिला दिसू लागला होता.

यातूनच 8 सप्टेंबर 1996 ला अमेरिकेत 'ब्लूज क्लूज' आला. अँडरसन त्याचे सल्लागार होते. एक तरुण मुलगा पडद्यातून प्रश्न विचारायचा आणि मग थांबायचा. मोठ्या माणसाला अवघडल्यासारखं व्हावं इतका वेळ. तेवढ्या वेळात घराघरांतली मुलं ओरडून उत्तर द्यायची. त्यांनी एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवला. मुलं कंटाळतील अशी भीती होती. अभ्यासात उलटं दिसलं: दर दिवशी मुलांना अधिक कळत गेलं आणि शुक्रवारपर्यंत ती उत्तरं अधिक जोरात देऊ लागली.

मग वयाची पायरी आणखी खाली गेली. 31 मार्च 1997 ला बीबीसीवर 'टेलिटबीज' आले. ॲन वूड आणि अँड्र्यू डेव्हनपोर्ट यांचं काम. चार रंगांचे गोलमटोल प्राणी, सूर्यात बाळाचा चेहरा, बोलणं बोबडं, आणि पोटावरच्या पडद्यावर खऱ्या मुलांची छोटी फिल्म. ती फिल्म संपली की टेलिटबीज पुन्हा मागायचे आणि ती सबंध पुन्हा दाखवली जायची. मोठ्यांना हा वेडेपणा वाटला. बोबडं बोलल्यानं मुलांची भाषा बिघडेल, अशी ओरड झाली. अशीच ओरड पन्नासच्या दशकात 'फ्लॉवर पॉट मेन' या बाहुल्यांच्या अगम्य बोलण्यावरही झाली होती. डेव्हनपोर्ट यांनी तर वाचाशास्त्राचा अभ्यास केलेला होता आणि बोबडे बोल नेमके कसे असतात, हे ते जाणून होते.

गंभीर आक्षेप वेगळा होता आणि तो मला मान्य आहे. 1999 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही दाखवू नका. पुढे 2010 मध्ये एक अभ्यास झाला, त्यासाठी 'टेलिटबीज'चेच भाग वापरले होते. काही सरळ, काही दृश्यं विस्कटून किंवा बोलणं उलटं करून. दीड आणि दोन वर्षांची मुलं सरळ भाग जास्त वेळ पाहत होती. सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या बाळांना मात्र सरळ काय नि विस्कटलेलं काय, फरकच पडला नाही. म्हणजे ती बघतात, पण त्यांना ते कळत नाही. याच वयाची मुलं समोरच्या माणसाकडून जे चटकन शिकतात, ते पडद्यावरून शिकत नाहीत, हेही वारंवार दिसलं आहे. वर्षाच्या बाळापुढे मोबाईल धरून भरवणाऱ्या प्रत्येक आईला मी हे सांगते. बाळ गप्प आहे, पण त्याच्या हाती काही लागत नाहीये.

आपल्याकडे काय झालं? दिल्लीत टीव्ही 1959 ला आला, मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसू लागलं. मुलांसाठी मराठीत 'किलबिल' होतं, गुजरातीत 'संताकुकडी'. हे कार्यक्रम शाळेत जाणाऱ्या मुलांचे होते. 1975-76 मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यातला सकाळचा वेळ मुलांसाठी राखलेला होता, पण पाच ते बारा वयाच्या. बालवाडीतलं मूल आपल्या टीव्हीच्या हिशेबात नव्हतं.

तरी त्याच काळात एका मराठी बाईनं अशी एक गोष्ट केली, की ती अडीच वर्षांच्या मुलालाही पोचली. विजया मुळे यांनी 1974 मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी 'एक अनेक और एकता' ही सात मिनिटांची फिल्म केली. ॲनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं, आवाज लहानग्या साधना सरगमचा. पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीनं जाळ्यासकट उडतात, ही आपली पंचतंत्रातली गोष्ट. बहीण भावंडांना सांगते, सोप्या रेषा, मोजकी हालचाल, परत परत येणारं गाणं. दूरदर्शननं ती किती वर्षं दाखवली आणि आमच्या मुलांच्या पिढीतल्या किती जणांना ती पाठ झाली, हे चाळिशीतल्या कुणालाही विचारून बघा. माझा मुलगा आजही पहिल्या सुरालाच ओळखतो. विजयाबाईंनी सिद्ध केलं, की हे इथे, आपल्या गोष्टींतून करता येतं.

त्यानंतर फार मोठी पोकळी राहिली. 2006 च्या स्वातंत्र्यदिनी 'गली गली सिम सिम' हिंदीत आली, चमकी आणि बूंबाला घेऊन. 2008 मध्ये हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्डनं 'छोटा भीम' आणला आणि आपल्या मुलांना ढोलकपूरसारखं गाव, लाडू आणि धोतर नेसलेला नायक मिळाला. तो मोठ्या मुलांचा. 2019 मध्ये त्याच भीमाचं रांगतं रूप 'मायटी लिटल भीम' नेटफ्लिक्सवर आलं आणि त्यात संवादच ठेवले नाहीत. दोन वर्षांच्या मुलाला आधी हालचाल आणि चेहरा कळतो, वाक्य नंतर. म्हणून ईराला तो भाषेशिवाय कळला. त्याच कारणानं तो जगभर चालला.

दरम्यान सगळं यूट्यूबवर गेलं होतं. 2013 मध्ये चेन्नईत विनोद चंदर आणि त्यांच्या मित्रांनी 'चूचू टीव्ही' काढला. त्यांनी पहिला व्हिडिओ स्वतःच्या मुलीसाठी केला होता. कॅलिफोर्नियातल्या एका बापानं आपल्या मुलांसाठी सुरू केलेलं चॅनेल पुढे 'कोकोमेलन' झालं आणि 2020 मध्ये लंडनच्या मूनबग कंपनीनं ते विकत घेतलं. 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं त्या कंपनीतली एक पद्धत वर्णन केली. मुलाला कार्यक्रम दाखवतात. शेजारी एक छोटा पडदा ठेवतात, त्यावर कुणीतरी कपात कॉफी ओतताना, कुणी केस कापून घेताना दिसतं. मुलाची नजर तिकडे वळली की नोंद होते आणि कार्यक्रमाचा तो भाग सुधारला जातो.

पामर यांचीच युक्ती, पन्नास वर्षांनंतरची. म्हणूनच मला फरक नीट सांगावासा वाटतो. पामर यांचा आलेख हा कामाचा अर्धा भाग होता. दुसऱ्या अर्ध्यात ते तपासत, की मुलाला जे शिकवायचं ठरवलं होतं ते कळलं का. शिवाय त्यांचा कार्यक्रम तासाभरात संपायचा. लिंगस्ट्रॉम आणि बर्ड यांचा अँडी पाव तासाच्या आतबाहेर निरोप घ्यायचा. आज एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि मूल जिथे स्वतःहून मान वळवेल, ती प्रत्येक जागा आधीच शोधून बुजवलेली असते. अँडरसन यांच्या प्रयोगातलं मूल खेळण्यांकडे वळायचं आणि परत यायचं. त्या वळण्यातच त्याची निवड होती. ती मुलाच्या हातून काढून घेणं मला चुकीचं वाटतं, मग गाणं कितीही गोड असो.

भारतीय बालरोगतज्ज्ञांनी 2021 मध्ये जे सांगितलं, ते सोपं आहे: दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वयात दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्या माणसाच्या सोबतीनं. सोबतीचा अर्थ मी असा घेते, की आपण मुलाकडे बघायचं. ते कुठे हसतं, कुठे मान वळवतं, कुठला भाग परत मागतं, कुठला सोडून देतं. जे सोडलं ते पुन्हा गळ्यात बांधायचं नाही. ईराची आई आता एक भाग झाला की टीव्ही बंद करते आणि दोघी मिळून ब्लूईतला खेळ जमिनीवर मांडतात. बाबाला घोडा व्हावं लागतं.

आणि एक मागणी. मराठीतली बडबडगीतं यूट्यूबवर ढिगानं आहेत, पण बहुतेक परक्या साच्यात ओतलेली. तीच मोठ्या डोळ्यांची बाळं, तीच बस. आमच्याकडे तर मुलाकडे बघण्याची परंपरा आहे. ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंकडे ती शिकल्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, 1957 मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मूल बालवाडीत येत नाही म्हटल्यावर त्या मुलांच्या अंगणात गेल्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात नेली. आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पामर यांना जी खोली मुद्दाम मांडावी लागली, ती आपल्याकडे प्रत्येक गावात आहे, आणि मुलांचा चेहरा वाचणाऱ्या ताईही तिथे आहेत. मराठीत लहानग्यांसाठी कार्यक्रम करणाऱ्या कुणीही पहिला भाग घेऊन तिथे जावं. सतरंजीवर, मुलांच्या बाजूला, पडद्याकडे पाठ करून बसावं. मुलांची नजर ढळेल ते प्रसंग पुन्हा लिहावेत, काय कळलं ते ताईंच्या मदतीनं तपासावं, आणि कार्यक्रम वेळेवर संपवावा. एवढं करायला फार पैसा लागत नाही. धीर मात्र पुष्कळ लागतो, आणि तो आमच्या अंगणवाडीच्या ताईंपाशी आहे.